खाणावळ ते हॉटेल : पाट्यांवरचा इतिहास

आम्ही रत्नागिरीतील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. सातवीच्या वर्गाचा मराठी विषय आमच्याकडे आहे. एकदा आम्ही मुलांना घरचा अभ्यास दिला : शाळेतून घरी जाताना रस्त्यावरच्या पाट्या वाचा आणि खाण्यापिण्याच्या जागांना कोणकोणते शब्द वापरले आहेत ते लिहून आणा. दुसऱ्या दिवशी फळा भरून गेला. हॉटेल, खानावळ, भोजनालय, उपहारगृह, कॅफे, कँटीन, मेस, ढाबा, टी-स्टॉल, बिर्याणी सेंटर, चायनीज कॉर्नर, कोल्ड्रिंक हाऊस. एका मुलीने टपरी आणि गाडी हेही शब्द लिहिले होते. त्यांना पाटी नसते, पण गर्दी तिथेच जास्त असते, असे तिचे म्हणणे. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, सगळीकडे खायलाच मिळतं ना? मग इतके शब्द कशाला?"

त्या दिवशी आम्ही पुस्तकी उत्तर दिले. जागा लहान-मोठी असते, पदार्थ वेगळे असतात, म्हणून शब्द वेगळे. मुलाचे समाधान झाले, आमचे झाले नाही. कारण पदार्थावरून जागेला नाव पडते हे अर्धेच खरे आहे. आपल्याकडे निदान शे-दीडशे वर्षे या शब्दांनी आणखी एक काम केले. इथे काय मिळते याबरोबरच इथे कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हेही ते सांगत आले. तो इतिहास आपल्या वाचकांसमोर मांडावा, एवढ्याचसाठी हा लेख.

सुरुवात खाणावळीपासून करू. शब्द अस्सल मराठी आहे. दळणावळ म्हणजे दळण्याची मजुरी, धुणावळ म्हणजे धुण्याची, शिवणावळ म्हणजे शिवण्याची. त्याच घडणीचा हा शब्द, म्हणजे मुळात खाण्याचे मोल. पुढे जिथे मोल देऊन जेवण मिळते ती जागाही खाणावळ झाली. बोलताना 'ण'चा 'न' झाला आणि पाट्यांवर 'खानावळ' आले. त्यामुळे पुष्कळांना हा शब्द आपल्या 'खाना'पासून आला असे वाटते.

पण हा 'खाना' तरी कोणता? उर्दूच्या वर्गात आम्हाला हे रोज समजावावे लागते. जेवण या अर्थाचा 'खाना' हा हिंदुस्थानी शब्द, तो काफ आणि दोचश्मी हे जोडून लिहितात. घर किंवा जागा या अर्थाचा 'खाना' फारसी, तो खे या अक्षराने सुरू होतो. उर्दू लिपीत दोन्ही स्पष्ट वेगळे दिसतात. देवनागरीत आले की एकच होतात. मुसाफिरखाना, दवाखाना, कारखाना यांतला खाना घराचा आहे, जेवणाचा नाही.

हा घराचा खाना मराठीत फार जुना आहे. मराठेशाहीतील अठरा कारखान्यांच्या यादीत आबदारखाना आहे, शरबतखाना आहे, मुदबखखानाही आहे. मुदबख म्हणजे अरबीतला मतबख, स्वयंपाकाची जागा. मराठी माणसाच्या तोंडी त्याचा मुदपाक झाला. पाक हा ओळखीचा शब्द कानाला लागला आणि त्यापुढे खाना राहिला. वाड्यातला मुदपाकखाना कोणाला परका वाटला नाही. अरबी, संस्कृत आणि फारसी एका चुलीवर शिजली आणि जेवणारे जेवून उठले.

तसाच भटारखाना. उत्तर हिंदुस्थानातील सराईत मुसाफिरांना खाऊ घालणारा तो भटियारा. मराठीत भटारखाना रुजला तो मोठ्या स्वयंपाकघराच्या अर्थाने, आणि आजही लग्नाच्या मांडवामागे, हॉटेलच्या मागच्या बाजूला भटारखानाच असतो. इथे आपल्याच घरात डोकावून पाहायला हवे. उर्दूत कर्कश भांडणाऱ्या बायकांना भटियारिनींची उपमा देतात. हजारो वाटसरूंना ज्यांनी ऊन भाकरी घातली त्यांचे नाव आपण शिवीसारखे वापरले. मसावात, बराबरी हे शब्द आपल्या भाषणांत फार असतात. पण भटियारा, नानबाई, कसाई यांच्याशी सोयरीक जोडायची वेळ आली की आपलीही बिरादरी आड येते. दुसऱ्याच्या पाट्या वाचण्याआधी हे कबूल केलेले बरे.

याच्या उलट लंगर. सूफींच्या खानकाहीत येईल त्याला जेवण मिळे, त्या पाकशाळेला लंगर म्हणत. हाच शब्द शीख बांधवांनी पुढे जगभर नेला. फारसीत लंगर म्हणजे जहाजाचा नांगरही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. नांगर पडला की वादळातही गलबत जागच्या जागी राहते. भुकेल्याचेही तसेच आहे. लंगरच्या पंगतीत नाव विचारत नाहीत, पैसेही मागत नाहीत. मात्र लंगर हा दानधर्म आहे. पैसे मोजून, मान ताठ ठेवून, अनोळखी माणसाच्या शेजारी बसून खायची जागा ही वेगळी गोष्ट. ती आपल्याकडे उशिरा आली आणि सुखासुखी आली नाही.

कोकणातल्या माणसाला तिची गरज मुंबईत पडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मजुरांचा मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातून गेला. त्या वेळच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता. बायकामुले गावी, पुरुष मुंबईत, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. त्यांना दोन वेळचे जेवण घातले ते खाणावळवाल्या बायकांनी. कोणी विधवा, कोणी नवऱ्याची नोकरी गेलेली. त्यांनी गिरणगाव पोसले आणि तरी कित्येक वर्षे त्या सावकाराच्या कर्जात राहिल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. तेव्हा कुठे त्यांच्या कामाला काम म्हटले गेले.

पण या खाणावळी गावागावाच्या, जातीजातीच्या होत्या हेही सांगितले पाहिजे. ज्याच्या त्याच्या गाववाल्याकडे जो तो जेवे. पाट्याच तशा असत : ब्राह्मणांची खाणावळ, मराठा खाणावळ, मुस्लिम खानावळ. आमचे आजोबा जहाजावर भंडारी होते. जहाजाच्या बोलीत भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. जहाज लागले की मुंबईत त्यांचा मुक्काम गावच्या जमातीच्या खोलीत असे. ते सांगत, जहाजावर आमच्या हातचे सगळे खात, सरंगापासून पोऱ्यापर्यंत. धक्क्यावर पाय ठेवला की ज्याची त्याची खोली वेगळी, ज्याची त्याची चूल वेगळी. असे का, हे आम्ही लहानपणी कधी विचारले नाही.

खाणावळ अशी का राहिली याचे कारण उघड आहे. ती कोणाच्या तरी घरात असते. चूल घरातली, वाढणारी घरातली, भांडी घरातली. म्हणून घराचे विटाळ-चांडाळही तिच्यात येतात. चहा हिंदुस्थानात सार्वत्रिक झाला आणि चित्र बदलू लागले. चहाला पंगत लागत नाही, पान मांडावे लागत नाही. दोन मिनिटे थांबावे, पिऊन निघावे. हे घरात नव्हे, रस्त्यावरच जमते.

मुंबईत हे काम मोठ्या प्रमाणावर इराण्यांनी केले. धोबीतलावावरचे कयानी १९०४ पासूनचे. हमरस्त्याच्या नाक्यावर संगमरवरी टेबले, वळणदार लाकडी खुर्च्या, काचेच्या बरणीत खारी आणि नानकटाई. मजूर, कारकून, विद्यार्थी सगळे त्याच टेबलांवर बसले. 'इराण्याकडे जाऊ' असे मराठी माणूस म्हणू लागला आणि एका लोकांचे नाव चहाच्या दुकानाचे नाव झाले. पुढे 'उडपी' या गावाच्या नावाचेही तेच झाले. पाटीवर मात्र इराण्याने लिहिले 'कॅफे'. हा शब्द म्हणजे अरबांचा कहवा. तुर्कांकडून तो युरोपात गेला, फ्रान्समध्ये कॅफे झाला आणि इंग्रजांबरोबर मुंबईत उतरला. आपल्या मुलांना वाटते कॅफे इंग्रजी आहे.

बायका मात्र बराच काळ या सगळ्याबाहेर राहिल्या. इराण्याने 'फॅमिली रूम' काढली, पडदा लावला, तेव्हा घरची माणसे बरोबर असतील तर त्या आत येऊ लागल्या. आमच्या आजीने आयुष्यात कधी हॉटेलची पायरी चढली नाही. मुलगा हॉटेलात बसू लागला म्हणजे बिघडला, हेही आमच्याकडे सगळ्याच समाजांत म्हणत असत.

'हॉटेल' हा शब्द इंग्रजीत मुक्कामाच्या जागेचा. मराठीने त्याला खाण्याच्या जागेचा अर्थ दिला, मग तिथे दोनच बाकडी असोत. मराठीत हॉटेल, उर्दूत होटल, आमच्या कोकणी बोलीतही तेच. मुलांनी आणलेल्या यादीत तिन्ही भाषांत न बदलणारा हा शब्द. पण शब्द सगळ्यांचा झाला म्हणून जागा सगळ्यांची झाली असे नाही. लगेच त्यालाही शेपूट जोडले गेले : हिंदू हॉटेल, मुस्लिम हॉटेल. रेल्वेच्या फलाटांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे होते. आणि ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्यांना तर या दोन्ही पाट्यांचा उपयोग नव्हता. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. जिथे तळ्याचे पाणी नाही, तिथे हॉटेलातला चहा कुठून मिळणार?

आंबा घाटापलीकडे, कोल्हापुरात, त्याच्याही काही वर्षे आधी एक गोष्ट घडली होती. गंगाराम कांबळे या महार समाजातील गृहस्थाला राजर्षी शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढायला मदत केली. सत्यसुधारक हे त्याचे नाव. लोक तिथे जायला धजत नव्हते, तेव्हा महाराज स्वतः आपल्या लवाजम्यासह तिथे थांबून चहा घेऊ लागले. राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्या सरदारांनाही कप तोंडाला लावावा लागला. याच शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था उभी करून बोर्डिंगची सोय केली, हे आपल्या वाचकांना माहीत आहेच.

आता आमच्या रत्नागिरीकडे येऊ. १९२४ पासून १९३७ पर्यंत स्वातंत्र्यवीर सावरकर इथे स्थानबद्ध होते. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने पतितपावन मंदिर उभे राहिले आणि सर्व जातींच्या हिंदूंना खुले झाले. १९३३ साली याच गावात सावरकरांनी 'अखिल हिंदू उपाहारगृह' काढले. तिथे वाढण्याचे काम महार समाजातील माणसाकडे दिले होते. ज्या काळात त्याची सावली नको होती, त्या काळात त्याच्या हातचा चहा उघडपणे प्यायला लावणे ही लहान गोष्ट नव्हती. सावरकरांच्या राजकारणाशी आमचे मतभेद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण ज्याला पिढ्यान्पिढ्या दाराबाहेर उभे केले त्याला एका दाराने आत घेतले, हे खरे आहे. ते नाकारले तर आम्ही इतिहास शिकवण्याच्या लायकीचे राहणार नाही.

मात्र शब्दांचा विद्यार्थी पाटी पुरी वाचतो. 'अखिल' म्हणजे सगळे, आणि पुढचा शब्द 'हिंदू'. एक कुंपण मोडले, त्याच्या बाहेर दुसरे राहिले. याच काळात सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळही चालू होती. मराठीतून अरबी, फारसी, इंग्रजी शब्द काढून टाकावेत हा तिचा आग्रह. म्हणजे खाना नको, हॉटेल नको. 'उपाहारगृह' हा संस्कृत शब्द त्या आग्रहात चपखल बसणारा. तो त्याआधीही पाट्यांवर असावा असे नव्हे, तो होताच. दादरला मामा काणे यांचे 'स्वच्छ उपाहारगृह' १९१० पासूनचे. पण आमच्या गावात तो शब्द एका विशिष्ट पाटीवर चढला आणि त्या पाटीसमोरून आमचे आजे-पणजे बाजारात गेले-आले. त्यांना त्याचे काय वाटले, हे कोणी लिहून ठेवले नाही. आपल्या समाजाने आपल्या रोजच्या जगण्याची नोंद ठेवली नाही, ही खंत इथेही आहेच.

जाता जाता शिक्षकाच्या सवयीने एक गोष्ट सांगतो. पाट्यांवर बहुधा 'उपहारगृह' असते. उपाहार म्हणजे थोडे खाणे, उपहार म्हणजे भेट. शुद्ध रूप 'उपाहारगृह'. आमच्या विद्यार्थ्यांनी निदान हे तरी चुकू नये.

या शब्दाचा पुढचा प्रवास मात्र समाधानाचा आहे. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदाने केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जाण्यास मज्जाव करता येणार नाही, असे ठरवून टाकले. हक्कांच्या प्रकरणात, सगळ्या मोठमोठ्या तत्त्वांच्या शेजारी, चहाच्या दुकानाचा उल्लेख आहे. घटनाकारांना माहीत होते की या देशात माणसाचा अपमान बहुतेक वेळा पाण्याच्या आणि जेवणाच्या जागीच होतो. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आला. 'अखिल हिंदू' च्या जागी 'सार्वजनिक' हा शब्द बसला. एका विशेषणाचा फरक, पण त्या विशेषणात आपण सगळे मावतो.

अर्थात कायदा झाला म्हणून कपबशी बदलत नाही. १९७२ साली बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली, यावरून काय ते कळते. आमचाही एक अनुभव आहे. बी.एड.साठी आम्ही घाटावरच्या एका शहरात होतो. महिन्याच्या जेवणाची सोय पाहायला एका 'घरगुती खानावळी'त गेलो. दर ठरला, वेळ ठरली, आगाऊ पैसे देताना वहीत लिहायला नाव विचारले. आम्ही सांगितले. बाईंनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "या महिन्याला जागा नाही हो." आत चार ताटे रिकामी दिसत होती. आम्ही पैसे खिशात घातले आणि जिना उतरलो. रागापेक्षा शरम जास्त वाटली, आणि ती का वाटावी याचाच पुढे राग आला.

दोन गल्ल्या सोडून दुसरी खाणावळ होती. तिथल्या मावशींनीही नाव विचारले. आम्ही या वेळी आधीच सांगितले, म्हणजे जिना चढण्याचा त्रास नको. त्या म्हणाल्या, "मटण इथं करत नाही, चालंल का?" आम्ही चालेल म्हटले. वर्षभर त्यांच्याकडे जेवलो. रमजानमध्ये त्या सेहरीसाठी रात्रीच डबा भरून देत, आणि भाकरी मऊ राहावी म्हणून फडक्यात गुंडाळत. दोन्ही पाट्यांवर शब्द एकच होता, घरगुती खानावळ.

म्हणून पदार्थ विचारणे आणि माणूस विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही आता आग्रहाने सांगतो. पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' लिहा, 'हलाल' लिहा. ज्याला जे खायचे नाही ते त्याला आधी कळावे, हा त्याचा हक्क आहे. मावशींनी आम्हाला मटणाबद्दल सांगितले ते याच अर्थाने. पण २०२४ च्या जुलैमध्ये उत्तरेत कावड यात्रेच्या वाटेवरील खाद्यविक्रेत्यांनी मालकाचे नाव पाटीवर लावावे असे आदेश निघाले, तेव्हा प्रश्न पदार्थाचा उरला नव्हता. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. कोणते अन्न मिळते हे सांगायला लावता येईल, मालकाचे आणि नोकराचे नाव लावायची सक्ती करता येणार नाही, असा त्या आदेशाचा आशय. ती बातमी वाचताना आम्हाला ती खानावळ आठवली, ती वही आणि खाली ठेवलेले पेन आठवले.

आता जरा शब्दांकडे पुन्हा पाहू. खाना म्हणजे घर. उपाहारगृहातले गृह म्हणजे घर. भोजनालयातले आलय म्हणजे घर. मुलांच्या यादीतल्या कोल्ड्रिंक हाऊसमधले हाऊसही घरच. हॉटेल हा शब्दही मुळात पाहुण्याच्या घराचा. फारसी, संस्कृत, इंग्रजी, फ्रेंच, सगळ्या भाषांना परक्याला खाऊ घालण्याच्या जागेसाठी घर हाच शब्द सुचला. भांडण शब्दांत कधी नव्हतेच. घराचे दार कोणासाठी उघडते एवढाच प्रश्न होता, आणि तो पाटी रंगवणाऱ्या माणसाने ठरवला.

रत्नागिरी आता बदलली आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, महामार्गावर पंजाबी नावाचे ढाबे आले, बसस्थानकाबाहेर चायनीजच्या गाड्या लागल्या. संध्याकाळी आमच्या शाळेची मुले क्लास सुटला की एका गाडीवर वडापाव खातात. बाजूला दुसऱ्या शाळेची मुले उभी असतात. गाडीला पाटी नाही, बसायला जागा नाही, म्हणून कोणी कोणाच्या शेजारी बसले हा प्रश्नही नाही. पैसे कमी पडले तर एकमेकांकडून घेतात. आम्ही हे लांबून पाहतो, जवळ गेलो तर मुले पांगतील म्हणून.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला आम्ही अजून पुरे उत्तर दिलेले नाही. या वर्षी तो दहावीला आहे. 'अखिल हिंदू' आणि 'सार्वजनिक' हे दोन शब्द त्याच्या वर्गाच्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे आणि दोहोंतला फरक मुलांनाच विचारायचा, असे आम्ही ठरवले आहे. उत्तर त्यांना येईल. वडापावच्या गाडीवर ते रोजच उत्तर देत असतात, फक्त त्याला इतिहास म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.